हाफकिन यांची गोष्ट: लस कोणी टोचावी, आणि कोणत्या अटींवर?

बाळाला दीड महिना पूर्ण झाला आहे. आशाताई काल घरी येऊन आठवण करून गेल्या, म्हणून आज तुम्ही बाळाला दुपट्यात गुंडाळून उपकेंद्रात आणले आहे. टेबलामागे सिस्टर बसल्या आहेत. त्या कार्ड बघतात, दोन-चार प्रश्न विचारतात आणि सिरिंजचे पाकीट फोडतात. तेवढ्यात सोबत आलेल्या आजी तुमच्या कानात विचारतात, डॉक्टर कुठे आहेत? तपासणी नाही, चिठ्ठी नाही आणि लगेच सुई?

आजींची शंका अगदी वाजवी आहे. आम्हा डॉक्टरांनाही हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. काही घरांत तर डॉक्टर आले की देऊ, असे म्हणून बाळाचा डोस पुढे ढकलला जातो. मग तो आठवडेच्या आठवडे राहून जातो आणि बाळ तेवढे दिवस संरक्षणाविना राहते.

थोडक्यात उत्तर असे: सरकारी लसीकरण कार्यक्रमातील लसी देण्यासाठी प्रशिक्षित परिचारिका किंवा एएनएम सिस्टर पुरेशा आहेत. प्रत्येक बाळासाठी डॉक्टरांची वेगळी चिठ्ठी लागत नाही. मात्र या अधिकाराला काही अटी आहेत. त्या अटी का हव्यात, हे समजून घेण्यासाठी आपण एका माणसाचे आयुष्य पाहू. त्यांचे नाव तुम्ही नक्की ऐकले असेल, कारण मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आहे. ते म्हणजे वाल्देमार हाफकिन.

ग्रंथपालाची नोकरी आणि पटकीची लस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. इल्या मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हे दाखवणारे, आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते शास्त्रज्ञ.

त्या काळात रशियात ज्यूंवर वारंवार हल्ले होत. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या बचावासाठी उभे राहिले, त्यात त्यांना अटकही झाली. ज्यू असल्यामुळे विद्यापीठात प्राध्यापक होण्याची वाट बंद होती. धर्म बदलला असता तर ती उघडली असती, पण त्यांनी तो बदलला नाही. काही वर्षे प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात काम करून १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. आधी ते जिनिव्हाला गेले आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. मेचनिकोव्ह तिथे आधीच होते. संस्थेत जागा एकच शिल्लक होती, ग्रंथालयातली. हाफकिन यांनी ती घेतली. पुस्तकांचे काम आटोपले की ते प्रयोगशाळेत जात आणि मोकळ्या वेळात व्हायोलिन वाजवत.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवा, कारण ती पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे. हाफकिन यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. ते प्राणिशास्त्रज्ञ होते.

त्यांनी हाती घेतला तो पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू. गिनीपिगच्या पोटातून हा जंतू पुन्हा पुन्हा काढून त्यांनी त्याची ताकद वाढवली. दुसऱ्या बाजूने उष्णता वापरून त्याच जंतूचा दुबळा प्रकारही तयार केला. प्राण्यांवर लस चालली. माणसावर चालते का हे पाहण्यासाठी १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली आणि काही दिवसांत ते बरे झाले. नंतर काही मित्रांनीही लस घेतली. तरीही युरोपातल्या अनेक जाणकारांना हे सगळे घाईचे वाटत होते.

डॉक्टर नसलेला माणूस वस्तीत येतो

पटकीचे घर म्हणून तेव्हा भारताकडे पाहिले जाई. १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. त्यांच्या वाटेत दोन अडचणी होत्या. सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांना डॉक्टर नसलेल्या या परक्या माणसावर विश्वास नव्हता, आणि लोकांना सुईवर विश्वास नव्हता. गोऱ्या सरकारचा माणूस आपल्या अंगात काय भरतो आहे, ही भीती कोणालाही वाटली असती.

हाफकिन यांनी दोन उपाय केले. एक म्हणजे भारतीय डॉक्टरांना बरोबर घेतले. ते त्या भाषेत बोलत, त्या वस्तीत वावरत. दुसरा उपाय म्हणजे आधी स्वतःच्या किंवा सहकाऱ्याच्या अंगात सुई टोचून दाखवायची आणि मग ज्याला हवी त्यालाच लस द्यायची. कलकत्त्याच्या दाट वस्त्यांमध्ये त्यांनी लस घेतलेले आणि न घेतलेले यांच्या वेगवेगळ्या नोंदी ठेवल्या. पुढे त्याच वस्तीत पटकी आली, की कोण आजारी पडले आणि कोण वाचले हे त्या नोंदींवरून कळे. १८९३ ते १८९५ या काळात सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लस टोचली. हिवतापाने खंगल्यामुळे त्यांना मध्येच परत जावे लागले, पण काम सोडवेना म्हणून ते पुन्हा आले.

एवढ्या लोकांना एकटा माणूस लस टोचू शकत नाही. त्यासाठी शिकवलेले मदतनीस लागतात. मोठी लसीकरण मोहीम नेहमीच अशा हातांवर उभी राहते. आपल्याकडे देवीची लस द्यायला गावोगाव फिरणाऱ्या माणसाला लोक देवी डॉक्टर म्हणत. तोही पदवीधर डॉक्टर नसे. त्या एका कामाचे प्रशिक्षण घेतलेला तो लस टोचणारा असे.

प्लेगची मुंबई

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एक रुग्ण तपासला आणि हा गाठीचा प्लेग आहे हे ओळखले. व्हिएगस मूळचे गोव्याचे. बघता बघता शहर रिकामे होऊ लागले. लोक बोचकी बांधून गावी पळाले आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला. पुढच्याच वर्षी पुण्यात काय घडले ते तुम्ही शाळेत शिकला असाल. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. घरझडत्यांच्या जुलमाने लोक संतापले आणि त्याच वर्षी जूनमध्ये चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी प्लेगच्या जंतूची लस करायला घेतली. जंतू वाढवायला मांसाचे पाणी लागे. लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून त्यांनी बोकडाचे मांस वापरले. त्या पाण्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की त्या थेंबांना लटकून जंतूंच्या जाळ्या खाली वाढत. मग उष्णता देऊन ते जंतू मारले जात. म्हणजे ही मेलेल्या जंतूंची लस होती.

काम रात्रंदिवस चाले. ताणाने मदतनीस गळाले, पण तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० घन सेंटीमीटर लस स्वतःला टोचून घेतली. हा डोस पुढे लोकांना दिलेल्या डोसच्या कितीतरी पट मोठा होता. कडक ताप आला, अंग दुखले, तरी ते कामावर राहिले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. ज्यांनी घेतली नव्हती त्यांच्या तुलनेत घेतलेल्यांमध्ये आजार आणि मृत्यू बरेच कमी दिसले.

लस परिपूर्ण नव्हती. तिने ताप येई, हात सुजे आणि संरक्षण शंभर टक्के नसे. पण त्या काळी प्लेगवर दुसरे काही हातात नव्हते. तरुण आगाखान पुढे आले. त्यांनी जाहीरपणे लस घेतली, आपल्या खोजा समाजाला घ्यायला लावली आणि कामासाठी जागाही दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तिथून देशभर बाटल्या जाऊ लागल्या.

मुलकोवालची बाटली

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातले मुलकोवाल हे खेडे. आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी गावातल्या १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. परळहून आलेल्या पाच बाटल्या वापरल्या होत्या. साधारण आठवड्याने त्यांतल्या १९ जणांचे जबडे आवळले, अंग धनुष्यासारखे वाकू लागले. तो धनुर्वात होता. एकोणिसाच्या एकोणीस जण गेले. या सगळ्यांना एकाच बाटलीतून लस दिली होती. बाटलीचा क्रमांक ५३ एन. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झाले नाही.

जरा त्या गावाचा विचार करा. प्लेगपासून वाचण्यासाठी विश्वासाने हात पुढे केलेली ती माणसे होती. लसीबद्दल बोलताना आम्ही हे कधी विसरू नये आणि तुमच्यापासून लपवूही नये.

चौकशी आयोग बसला. प्रश्न एकच होता: धनुर्वाताचा जंतू बाटलीत शिरला कुठे? परळच्या प्रयोगशाळेत, की मुलकोवालच्या मोकळ्या मैदानात? मागणी प्रचंड वाढल्यामुळे हाफकिन यांनी लस बनवण्याच्या पद्धतीत बदल केला होता आणि जंतुनाशक म्हणून घातले जाणारे कार्बोलिक आम्ल वगळून उष्णतेवर भर दिला होता. बाटली भरून ४१ दिवस झाले होते. आयोगाने दोष प्रयोगशाळेकडे असावा असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले आणि १९०४ मध्ये ते लंडनला परतले. आधीच डॉक्टर नसलेला, परका, ज्यू माणूस. त्याच्यावर बोट ठेवणे अनेकांना सोपे गेले.

पण चौकशीच्या कागदपत्रांतच एक नोंद होती. बाटली उघडताना सहायकाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. तो उकळून किंवा ज्योतीवर धरून निर्जंतुक केला गेला नाही. पातळ कार्बोलिक द्रावणात नुसता खळबळवून त्याच चिमट्याने बूच काढले गेले. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि ते इतक्या सहज मरत नाहीत. शिवाय जंतू परळहूनच आले असते तर एवढ्या दिवसांत ते वाढून बाटलीला दुर्गंधी सुटली असती. उघडताना तशी दुर्गंधी कोणाला आली नव्हती.

हिवतापाचा डासांशी असलेला संबंध दाखवणारे रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण उचलून धरले. १९०७ मध्ये त्यांनी आणि इतर नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र प्रसिद्ध करून हाफकिन निर्दोष असल्याचे मांडले. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांच्यावरचा दोष मागे घेतला. ते भारतात परतले, पण त्यांना परळ मिळाले नाही. त्यांची नेमणूक कलकत्त्याला झाली. तिथे लस बनवण्याची सोय नव्हती आणि नव्या लसीचे प्रयोग करायला परवानगीही नव्हती. ऐन उमेदीतली वर्षे गेली ती गेलीच. निवृत्तीनंतर ते युरोपात परतले. ज्यू शिक्षण आणि धर्मजीवनाकडे त्यांचे मन अधिक वळले आणि आपली मिळकतही त्यांनी त्याच कामासाठी ठेवली. त्यांनी लग्न केले नव्हते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरात त्यांचे निधन झाले. त्याआधीच, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते.

या गोष्टीतून आपण काय घ्यायचे?

सगळा दोष त्या सहायकाच्या माथी मारणे सोपे आहे. पण वैद्यकीय कामाकडे तसे पाहिले तर पुढचा चिमटाही जमिनीवर पडेल. घाईची मोहीम, उघडे मैदान, एका बाटलीतून अनेकांना टोचणी आणि पुन्हा पुन्हा वापरायची साधने. अशा ठिकाणी चूक एका क्षणात होते. पडलेले साधन वापरता येऊच नये, अशी व्यवस्था तेव्हा नव्हती.

आणि आणखी एक गोष्ट. चिमटा उचलणारा हात पदवीधर डॉक्टरचा असता तरी धनुर्वाताचा जंतू मेला नसता. लस शोधणाऱ्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती, तरी लस चालली. लस सुरक्षित राहते ती टोचणाऱ्याचे शिक्षण, स्वच्छतेचे नियम आणि खरी नोंद या तीन गोष्टींमुळे. आज सिस्टरना जो अधिकार आहे तो याच तिन्हींवर टेकलेला आहे.

आजच्या अटी कोणत्या?

पहिली अट शिक्षणाची. एएनएम म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका. बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाल्यावरच त्यांना काम करता येते. त्याशिवाय लसीकरणाचे वेगळे प्रशिक्षण दिले जाते: कोणती लस स्नायूत, कोणती कातडीखाली, कोणती कातडीच्या थरात, किती मात्रा, कोणत्या अंगाला. रुग्णालयाच्या प्रसूतिगृहात जन्मानंतर लगेच बाळाला बीसीजी, पोलिओचे थेंब आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस मिळते, तीही बहुधा परिचारिकाच देतात. गरोदर बाईला धनुर्वात आणि घटसर्प यांची टीडी लसही त्याच टोचतात.

दुसरी अट वेळापत्रकाची. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रक ही सगळ्या बाळांसाठी तज्ज्ञांनी आधीच लिहून ठेवलेली चिठ्ठी आहे असे समजा. दीड, अडीच आणि साडेतीन महिने, नऊ महिने, दीड वर्षाच्या सुमारास, पाच वर्षे, दहा वर्षे, सोळा वर्षे. या वयात कोणती लस हे ठरलेले आहे. सिस्टर त्या चौकटीत राहून लस देतात. चौकटीबाहेरच्या लसींसाठी, उदाहरणार्थ खासगी दवाखान्यातील फ्लूच्या लसीसाठी, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागतो.

तिसरी अट विचारपूस करण्याची. बाळ आता खूप आजारी आहे का? मागच्या डोसनंतर गंभीर त्रास झाला होता का? झटके आले होते का? प्रतिकारशक्तीचा काही आजार आहे का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर हो असेल, तर सिस्टर लस थांबवून बाळाला डॉक्टरांकडे पाठवतात. साधी सर्दी, थोडा खोकला किंवा बारीक ताप असेल तर मात्र लस पुढे ढकलायची गरज नसते.

चौथी अट साधनांची. मुलकोवालच्या चिमट्याला आज जागाच ठेवलेली नाही. लसीच्या कुपीला रबरी टोपी असते, तिच्यातून सुई आत जाते आणि बूच उघडावे लागत नाही. सिरिंज एकदा वापरली की तिचा दट्ट्या अडकतो आणि ती पुन्हा भरताच येत नाही. वापरलेली सुई तिथल्या तिथे कटरने कापली जाते. कुपी उघडल्याची तारीख आणि वेळ तिच्यावर लिहिली जाते. गोवर-रुबेला आणि बीसीजी या लसी द्रव मिसळून तयार केल्यावर चार तासांच्या आत वापरायच्या, नाहीतर फेकून द्यायच्या. कारण त्यांत जंतू शिरून वाढू शकतात.

पाचवी अट थांबण्याची. लस दिल्यानंतर अर्धा तास तुम्हाला तिथेच बसवून ठेवले जाते. क्वचित एखाद्याला तीव्र अॅलर्जी येते आणि ती बहुधा याच वेळात दिसते. अशा वेळी सिस्टरकडे अॅड्रेनालिन असते. पहिला डोस देऊन बाळाला तातडीने रुग्णालयात पाठवण्याचे प्रशिक्षण त्यांना दिलेले असते. घरी काम पडले आहे म्हणून हा अर्धा तास वाचवू नका.

सहावी अट नोंदीची. लसीचा बॅच क्रमांक आणि तारीख लिहिली जाते. लसीनंतर काही गंभीर घडले तर त्याची माहिती वर कळवणे बंधनकारक आहे आणि जिल्हा पातळीवर त्याची तपासणी होते. ती लसीमुळे, टोचण्यातल्या चुकीमुळे, की योगायोगाने, हे आधी शोधायचे आणि मग बोलायचे. हाफकिन यांना हे मिळायला पाच वर्षे लागली. मुलकोवालच्या कुटुंबांची माणसे तर परत आलीच नाहीत.

तुम्ही काय पाहायचे, काय विचारायचे?

सिस्टर घाईत असल्या तरी हे विचारणे तुमचा हक्क आहे, आणि चांगल्या सिस्टरना त्याचा राग येत नाही.

१. सिरिंजचे पाकीट तुमच्यासमोर फोडले का, ते पाहा.

२. सुई किंवा सिरिंज खाली पडली तर ती टाकून नवीन घ्यायला सांगा. संकोच करू नका.

३. चार गोष्टी सांगितल्याशिवाय उठू नका: आज कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो आणि तो झाल्यास काय करायचे, पुढची लस केव्हा आणि कुठे, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचे.

४. बाळाला आधी काही गंभीर त्रास झाला असेल तर विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगा.

घरी गेल्यावर एक-दोन दिवस ताप, टोचलेल्या जागी सूज किंवा किरकिर होऊ शकते. पॅरासिटामॉल किती द्यायचे हे सिस्टरना किंवा डॉक्टरांना विचारून घ्या. सुजेवर हळद, तेल किंवा गरम शेक नको. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी छोटी गाठ येऊन ती फुटते आणि व्रण उरतो. ते अपेक्षित आहे, त्यावर काही लावू नका.

श्वास घ्यायला त्रास, चेहऱ्यावर सूज, अंगभर गांधी, झटके, बाळ लुळे किंवा बेशुद्ध पडणे, तीन तासांपेक्षा जास्त न थांबणारे रडणे, खूप चढलेला ताप, टोचलेल्या जागी पू. यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता रुग्णालयात जा आणि लसीकरण कार्ड बरोबर न्या.

शेवटी पुन्हा आजींकडे येऊ

आजींना सांगा की डॉक्टर त्या खोलीत नाहीत हे खरे आहे. पण वेळापत्रक ठरवणारे, सिस्टरना शिकवणारे आणि त्यांनी पाठवलेल्या बाळाला तपासणारे डॉक्टर त्या टेबलामागे उभेच आहेत. आणि आजींना एक काम द्या: पाकीट समोर फुटते का, हे त्यांनी बघायचे आणि अर्धा तास बाळाला मांडीवर घेऊन बसायचे. शंका घेणारी आजी अशा वेळी फार उपयोगी पडते.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या बाळाला एखादा आजार असेल, किंवा मागच्या लसीनंतर त्रास झाला असेल, तर पुढचा डोस घेण्याआधी बालरोगतज्ज्ञांशी बोला. मात्र केवळ डॉक्टर हजर नाहीत म्हणून ठरलेली लस चुकवू नका.